दादाचा चेहरा झाकायचा नाही

वीस वर्षं मी मालिका काढल्या. सासूने डोळे वटारले की तीनदा ढोल वाजवायचे, हा आमचा धंदा. चांगला चालला होता. माझा थोरला भाऊ सेटवर ध्वनिमुद्रण करायचा. दारूपायी तो रस्त्यावर आला आणि मी मालिका सोडून त्याच्यावरच फिल्म केली. तोवर तो सुधारला होता, आणि लोक म्हणत होते, हिला भिकेचे डोहाळे लागलेत. लागू देत!

चॅनेलच्या साहेबांनी फिल्म पाहिली. "छान आहे. फक्त भावाचा चेहरा ब्लर करा."

"का?"

"ज्यांना लाज वाटावी, त्यांचे चेहरे झाकायचे. पद्धतच आहे."

खरंच आहे. आमच्याकडे चोराचा आणि व्यसनी माणसाचा चेहरा एकाच बटणाने झाकतात.

घरी सांगितलं तेव्हा दादा माइकची तुटकी वायर जोडत होता. "ठमे, पिताना तोंड लपवलं नाही. आता सोडल्यावर लपवू?"

वहिनी आतून कडाडली, "हा चेहरा गटारातून उचलून मी धुतलाय. कोणी झाकायचा नाही!"

फिल्ममध्ये मालिकेच्या पार्टीचं एक जुनं चित्रण होतं. तेव्हा दादा वर्षभर थेंबालाही शिवला नव्हता आणि हेच साहेब त्याच्या हातात ग्लास कोंबत म्हणत होते, "अरे, एकाने काय होतंय!" बाकीचे हसत होते. मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी साहेब पडद्यासमोर ताडकन उठले. दादाचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

"माझा का झाकलात?"

"पद्धतच आहे, साहेब. तुम्हीच म्हणालात."

"ही फिल्म कुठेही दिसणार नाही!"

"दिसेल. तुमच्याकडे नाही, एवढंच." असा आनंद मला एकाही मालिकेने दिला नव्हता. डिस्क काढून घेतली आणि निघाले.

पहिला खेळ व्यसनमुक्ती केंद्राच्या जेवणघरात झाला. भिंतीवर चादर ताणली होती, आवाज दादानेच लावला होता. पार्टीचं दृश्य आलं. मागून एकाने विचारलं, "दादा, तोंड झाकलेला तो कोण हो?"

दादाने फिल्म मागे नेली आणि आवाज वाढवला. "अरे, एकाने काय होतंय!"

"चेहरा राहू दे," दादा म्हणाला. "आवाज नीट ऐकून ठेवा. इथून बाहेर पडलात की पहिला हाच भेटेल."