न मोजलेल्या कळश्या

गल्लीत कुणालाही विचारा, शपथेवर सांगतील की फिरकीच्या लग्नाच्या फोटोत नवरीशेजारी नवरा नाहीच, नुसता पुसट धूर आहे. फोटोवाला ‘हलू नका’ म्हणाला आणि तेवढ्यात हा फिरकी जाऊन मागच्या रांगेतल्या खुर्च्या मोजून परत आला. पुढे चाळीस वर्षं त्यानं लेथवर लोखंड तासलं. संध्याकाळी बटण दाबलं की लेथ थांबायचं. फिरकीला बटण नव्हतं.

अशा माणसाची दाढी करायची म्हणजे चालत्या सायकलचं चाक रंगवायचं, असं न्हावी म्हणायचा. त्या मंगळवारी सकाळी डावा गाल उरकला होता, उजव्यावर फेस होता. वस्तरा पुसता पुसता न्हावी सहज बोलून गेला,

“तुझ्या ड्रमच्या पाण्याचे उपकार कसे फेडू रे? आईचे गुडघे कुरकुरायचे थांबले. काल जिना चढली, तोही दोन दोन पायऱ्या टाकत.”

“माझ्या ड्रमचं पाणी तुझ्या आईकडे कसं पोचलं?”

“कसं म्हणजे? वहिनी देतात. रोज एक कळशी. आणि माझं एकट्याचं काय घेऊन बसलास? शिंप्याकडे दोन जातात. अठरा वर्षांचं टक्कल, पण परवा कंगवा विकत घेतलाय पठ्ठ्यानं.”

फिरकी ताडकन उठला. गळ्याभोवतीचं फडकं तसंच, उजव्या गालावर फेस तसाच.

“अरे, अर्धा राहिलाय!” न्हावी ओरडला.

“राहू दे!” हे उत्तर न्हाव्याला ऐकू आलं तेव्हा फिरकी कोपऱ्यावर पोचला होता.

एवढं पळण्यासारखं काय झालं, ते सांगायला हवं. गल्लीतला हातपंप वर्षापूर्वी लाल रंगानं रंगवला गेला, म्हणजे पिऊ नका. पाण्यात आर्सेनिक, जुनी माणसं ज्याला सोमल म्हणतात ते. ना वास, ना चव, ना रंग. चांगलं पाणी दोन मैलांवर. त्यात मुलगा दूर नोकरीला आणि सुनेला दिवस गेलेले. तिनं सासऱ्याला स्वच्छ सांगितलं होतं, “बाबा, पोटात बाळ असताना मी हे पाणी पिणार नाही. नाहीतर बाळंतपण होईपर्यंत मी आईकडे जाते.” घरात पहिलं नातवंड येणार आणि ते दुसऱ्याच गावी, हे फिरकीच्या जिवाला लागलं. त्यानं चार दिवस मागितले.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्याला वाट दाखवली. गंजलेलं लोखंड सोमलाला धरून ठेवतं. फिरकीच्या कारखान्यामागे लोखंडाच्या किसाचा ढीग पावसात पडून लालभडक झालेला होता, फुकट. वीटभट्टीवर फुटक्या विटांचा खच, तोही फुकट. ड्रमच्या तळाशी खडी, वर वाळू, वर विटांचे तुकडे, मध्ये गंजलेला कीस, पुन्हा वाळू. खाली नळ. वरून पंपाचं पाणी ओतायचं, खालून कळशी भरेपर्यंत धीर धरायचा. धीर धरायचं काम बायकोकडे गेलं, हे सांगायला नकोच.

पण बाईंनी एक गोष्ट तीनदा बजावली होती. “काका, गंजाची मूठ मोठी आहे, पण मूठच आहे. भरली की पुढचं सगळं सोडून देणार. आणि सोडताना सांगणार नाही. तुमच्या पंपाच्या पाण्यावर मी करून बघितलंय. चारशे कळश्या. मग आतला माल काढायचा, सिमेंटमध्ये कालवून त्याच्या विटा पाडायच्या आणि नवा माल भरायचा.”

म्हणून ड्रमशेजारच्या भिंतीवर खडूच्या रेघा. एक कळशी, एक रेघ. पाचवी रेघ आडवी. फिरकी दिवसातून सात वेळा त्या मोजायचा आणि आठव्यांदा उगाच.

तो परसात शिरला तेव्हा बायको नळाखाली कळशी लावून उभी होती. भिंतीवर छत्तीस जुड्या. एकशे ऐंशी. साठ दिवस, रोज तीन. हिशेब कसा घासून पुसून बरोबर.

“अगं, ही कळशी कुणाची?”

“तुमच्या तोंडाला काय झालं? अर्धा म्हातारा, अर्धा नवरदेव.”

“कळशी कुणाची विचारतोय.”

“गाडीवाल्याच्या बायकोची. आत्ता येईल बिचारी.”

“तिची रेघ कुठाय?”

बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यानं जेवणाऱ्याच्या ताटातून घास उचलला. “दुसऱ्याला दिलेलं कुणी मोजतं का? माझ्या आईनं नाही मोजलं, तुमच्या आईनं नाही मोजलं. दारात आलेल्या माणसाच्या देखत भिंतीवर रेघ ओढू? तिला काय वाटेल?”

“अगं, तिला काय वाटेल ते राहू दे! ड्रमला काय वाटेल? ड्रमला कळतं का आपलं कोण आणि परकं कोण?”

आता बायको गप्प झाली. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती आणि ती गप्प झाल्याचा हा दुसराच प्रसंग. पहिल्या वेळी तिची दाढ काढली होती.

फिरकी परसात गोल फिरू लागला. “किती गेल्या असतील? शंभर? दोनशे? आता कसं कळणार? झालं. संपलं.”

“न्हाव्याची आई,” बायको हळूच म्हणाली, “सत्तेचाळीस.”

फिरकी थांबला नाही, पण फिरण्याचा वेग कमी झाला.

“शिंपीण, पहिले वीस दिवस एकेक, मग दोन दोन. मध्ये ती तीन दिवस बहिणीकडे गेली होती. म्हणजे चौऱ्याण्णव. गाडीवाल्याची बायको एकोणसाठ, ही धरून. पोस्टमन उन्हाचा येतो, त्याला तांब्याच देते, पण आठ तांब्यांची एक कळशी धरली तर पाच. कोपऱ्यावरचं ते नवं जोडपं, पासष्ट. त्यातली एक तिनं दारातच सांडली, पण ड्रममधून तर गेलीच.”

“तू तर म्हणतेस मोजलं नाही!”

“मोजलं नाहीच. लक्षात राहिलं.”

फिरकीनं पायाच्या अंगठ्यानं मातीत बेरीज मांडली. दोनशे सत्तर. त्यात भिंतीवरच्या एकशे ऐंशी. साडेचारशे. शेवटी शेवटी रोज दहा कळश्या जात होत्या. म्हणजे पाच दिवस झाले, ड्रमची मूठ भरलेली आणि घरात सगळे निवांत पाणी पितात.

दारात सून उभी होती. कधीपासून, कोण जाणे. एक हात चौकटीवर, एक पोटावर.

“बाबा, आधी तपासून या,” ती म्हणाली. “मग बोलू.”

बाटलीभर पाणी घेऊन फिरकी शाळेत गेला. वाटेत त्याच्यावर तीन कुत्री भुंकली, एक हसलं असंही लोक सांगतात. बाईंनी त्याच्या दोन रंगांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली बाटली घेतली. तपासणीच्या छोट्या बाटलीत पाणी ओतलं, चिमूटभर पूड टाकली, झाकणात पांढऱ्या कागदाची पट्टी अडकवली आणि झाकण गच्च बसवलं.

“वीस मिनिटं. पट्टी पांढरी राहिली तर चांगलं. जितकी पिवळी, तितकं वाईट.”

“लवकर नाही होत?”

“नाही काका. आणि टेबल हलवू नका.”

वीस मिनिटं म्हणजे काय असतात, ते फिरकीला त्या दिवशी कळलं. त्यानं खिडकीचे गज मोजले, चौदा. काचेच्या नळ्या मोजल्या, एकशे सहा, त्यातल्या नऊ तडकलेल्या. सांगाड्याच्या बरगड्या मोजल्या आणि एक कमी भरली म्हणून बाईंना कळवलं. प्रयोगशाळेची फरशी त्या वीस मिनिटांत बोटभर झिजली, असं शाळेचा शिपाई आजही दाखवतो.

मोजता मोजता त्याला सारखी सून दिसत होती. सकाळी उठल्यावर पेलाभर, जेवताना दोन, औषधाच्या गोळीबरोबर एक. आपणच तिला म्हणत होतो, पी पोरी, भरपूर पी.

बाईंनी झाकण काढलं. पट्टी पिवळी होती. गर्द नाही, जुन्या वर्तमानपत्राच्या कडेसारखी. बाईंनी ती रंगांच्या तक्त्याशेजारी धरली, वर धरली, खाली धरली.

“पंपाच्या पाण्यातल्या सोमलाचा चौथा हिस्सा. पण प्यायला नको. आजपासूनच नको. पाच दिवसांत घाबरण्यासारखं काही होत नाही, तरी तिला डॉक्टरांकडे नेऊन सांगा. लपवू नका.”

“लपवायला वेळ कुणाला आहे?” असं म्हणत फिरकी दाराबाहेर पडला.

घरी येईपर्यंत काय बोलायचं ते त्यानं सात प्रकारे जुळवलं होतं. सुनेसमोर उभा राहिला आणि सातही विसरला. “पिवळी,” एवढंच म्हणाला.

सुनेनं बॅग काढली.

“माझी चूक गं,” सासू म्हणाली. “यांचं काही नाही यात. हातानं मी देत होते.”

“आई, दिलंत ते चांगलंच केलंत. पण मला ते माहीत असायला हवं होतं.” मग सासऱ्याकडे वळली. “बाबा, नवा माल भरा. आठ दिवस पाणी चालवा. मग बाईंच्या सहीचा कागद घेऊन या. कागद आणा, गोष्टी नकोत.”

दवाखान्यातून ती परस्पर दुपारच्या बसनं आईकडे गेली. बस सुटताना फिरकी खिडकीबरोबर चालत राहिला, मग धावत राहिला. कंडक्टर म्हणाला, “आजोबा, एकतर चढा, नाहीतर सोडा.”

त्यानं सोडलं आणि तिथूनच दारं वाजवायला सुरुवात केली. बायको बरोबर होती. नको म्हटलं तरी आली. प्रत्येक दारात तीच आधी बोलायची, “पाच दिवस खराब पाणी दिलं मी तुम्हाला. ओतून टाका.” न्हाव्याची आई गुडघा धरून मटकन खाली बसली, जणू ऐकताच दुखायला लागला. शिंपी तर भांडायलाच उठला.

“पाणी बंद केलंत आणि माझे केस गेले म्हणजे?”

“कुठले केस?” फिरकीनं विचारलं.

शिंप्यानं टोपी काढली. दोघं बराच वेळ वाकून शोधत होते.

शिंपीण मात्र पदराला हात पुसत पुढे आली. “ते मरू दे. काकू, आम्ही आता कुठलं पाणी प्यायचं?”

फिरकी तिच्या ओसरीवरून इकडून तिकडे तीनदा फिरला.

“घरात रिकामा ड्रम आहे?”

“आहे. पण त्यात गहू आहेत.”

“मग रिकामा कसा? गहू काढा. मी कीस घेऊन येतो.”

पुढचे आठ दिवस कारखान्यामागचा ढीग उतरत गेला. फिरकीनं आपला ड्रम रिकामा केला, जुन्या मालाच्या विटा पाडल्या, नवा माल भरला. शिंप्याकडे एक ड्रम, न्हाव्याकडे एक, गाडीवाला आणि ते नवं जोडपं यांच्यात मिळून एक. नवव्या दिवशी बाईंनी चार पट्ट्या काढल्या. चारही पांढऱ्या.

दहाव्या दिवशी नवराबायको सुनेच्या माहेरी पोचले. व्याही म्हणाले, “बसा.” बायको बसली. सुनेनं कागद घेतला, वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली.

“हा कालचा आहे.”

“हो,” फिरकी अंगणातून म्हणाला.

“काल तपासल्यापासून निघेपर्यंत किती कळश्या गेल्या?”

फिरकीनं तोंड उघडलं, पण बायको आधी बोलली. “पाच. चार आपल्या, एक शिंपिणीची. तिच्या ड्रमचा नळ गळतोय.”

सुनेनं कागदाची घडी करून सासूच्या हातात दिली. मग आत गेली आणि बॅग घेऊन बाहेर आली. फिरकी ती घ्यायला धावला.

“तुमच्याकडे नको बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही बॅग घेऊन पुढच्या स्टँडवर पोचाल, आणि मला सातवा महिना लागलाय. आई, तुम्ही घ्या. आणि बाबांना सांगा, जरा हळू चाला म्हणावं.”