जांभळा तीन

तुम्ही खोटं बोललात, काका. चुकला नाहीत, विसरला नाहीत. खोटं बोललात, आणि तेही चौदा माणसांसमोर. म्हणून मीसुद्धा सगळ्यांसमोरच लिहितेय. तुमचं नाव घालत नाही. इथे जर्मनीत, कायझर्सलाउटर्नच्या मराठी माणसांत नुसतं 'काका' म्हटलं तरी पुरतं. घर हवं, काकांना विचारा. डॉक्टर हवा, काकांना विचारा. गाडी घ्यायचीय, मग तर काकांना विचारल्याशिवाय हालूच नका. वीस वर्षं इथे, त्यात मंडळाचे अध्यक्ष.

माझी गोष्ट चार चाकांची आहे.

आमची गाडी पंधरा वर्षांची. नवरा, वेदांग, विद्यापीठात अर्ध्या पगारावर पीएचडी करतोय. मी मे महिन्यापासून चौदा किलोमीटरवरच्या एका गावात वृद्धाश्रमात काम करते. करत होते. पहाटेची पाळी सहाला सुरू, आणि पहिली बस तिथे पोचते पावणेसातला. म्हणजे ती खटारा गाडी हीच माझी नोकरी. सहा महिन्यांची प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचा काळ, ऑक्टोबरअखेर संपणार होती. त्या काळात ते तुम्हाला कारण न सांगता काढू शकतात. आणि नेमकी त्याच ऑक्टोबरात गाडीची ट्यूफची, दर दोन वर्षांनी करावीच लागते ती तपासणी.

सप्टेंबरात गल्लीतल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने गाडी वर उचलली आणि मान हलवली. एक रिम वाकलेला, बाकीचे गंजून हवा सोडणारे, टायर गुळगुळीत. "चारही चाकं बदला," तो म्हणाला, "नाहीतर तपासणीला येऊच नका."

मी सोलापूरची बी.ए. मला रिम म्हणजे टायरच्या आतलं धातूचं चाक, हेही माहीत नव्हतं. मग शिकले. बोल्टची भोकं किती, त्यांच्यात अंतर किती, मधलं भोक केवढं, चाक आत किती नि बाहेर किती. सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. वेदांग हसायचा, "थिसिस तू लिही, चाकं मी शोधतो." तीन आठवडे शोधलं. शेवटी भंगारवाल्याकडे आमच्याच मॉडेलचे चार स्टीलचे रिम मिळाले, वर हिवाळी टायर, दोन वर्षं सहज जातील असे. काळे, कुरूप, परवडणारे. आणि त्याच गाडीचे, म्हणजे वेगळा कागद लागत नाही. भंगारवाला म्हणाला, सोमवारपर्यंत ठेवतो.

रविवारी तुमच्या गॅरेजमध्ये कोजागिरीची पातेली काढायला जमलो होतो. माझ्याच तोंडून निघालं, उद्या चाकं आणायला जायचंय.

"भंगारातून?" तुम्ही पातेलं खाली ठेवलंत. "अगं निशिगंधा, आपल्या मंडळाची मुलगी पत्र्याच्या चाकांवर फिरणार? ये इकडे."

मखराच्या मागे ताडपत्री होती. तुम्ही ती ओढलीत. चार चकचकीत अलॉय रिम, वर टायरही.

"माझ्या जुन्या गाडीचे. नुसते पडून आहेत. तुझ्या गाडीला गेनाऊ, अगदी तंतोतंत बसतात. भंगारवाल्याला देणार होतीस तेवढेच दे, तेही सावकाश."

मी विचारलं, "काका, गुटआख्टन आहे ना याचं?" म्हणजे, हे रिम या गाडीला चालतात असं सांगणारा कागद. बाहेरचे रिम लावायचे तर तो लागतोच. फ्रिजवर सगळ्यात वर लाल पेनाने लिहिलं होतं मी.

तुम्ही हसलात. पोट धरून हसलात. "ऐकलंत का? ही माझ्याकडे कागद मागतेय! अगं, तू इथे आलीस तेव्हा तुझं आनमेल्डुंग, पत्त्याची नोंदणी, कोणी करून दिली? कागद आहे घरी. काकू काढून ठेवेल."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "जर्मन झाली हो निशिगंधा." वेदांगने माझा दंड हळूच दाबला. माझे कान तापले. आणि मी, जिने तीन आठवडे अभ्यास केला होता, ती मान खाली घालून "सॉरी काका" म्हणाले. सॉरी! त्या एका शब्दाचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः जॅक घेऊन आलात. चारही चाकं स्वतःच्या हाताने चढवलीत. जुनी चाकं "मीच टाकून येतो, तुला कशाला त्रास" म्हणून घेऊनही गेलात. मी तुम्हाला थालीपीठ करून घातलं.

कागदाची दोनदा आठवण केली. एकदा "काकू माहेरी गेलीय." एकदा "जा जा, तपासणीच्या दिवशी फोटो पाठवतो."

तपासणीच्या दिवशी तुमचा फोन बंद होता.

तपासणी आमच्या मेकॅनिकच्याच गॅरेजमध्ये होती. ट्यूफच्या इन्स्पेक्टरने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. चाक आतून घासत होतं. त्याने रिमवरचा नंबर पाहिला, कॉम्प्युटरमध्ये घातला आणि म्हणाला, हा रिम या गाडीला मंजूरच नाही, कागद असता तरी चालला नसता. मग टॉर्च आत धरून थांबला.

"हे काय लिहिलंय? चिनी?"

मी वाकून पाहिलं. रिमच्या आतल्या बाजूला, चंदेरी स्प्रेखालून अर्धवट बाहेर आलेला, जांभळ्या नेलपॉलिशचा आकडा होता.

३.

आपला मराठी तीन. मी लिहिलेला नव्हता. मेकॅनिकने बाकीची चाकं पाहिली. तिथे ताज्या स्प्रेचे तीन गोल डाग होते, बस. चौथा कुणाच्या तरी हातून नीट झाकायचा राहिला होता.

मी फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. "हा आकडा कुणाचा?" दहा मिनिटांत पोस्ट उडाली. पाठोपाठ तुमचा मेसेज: हा ग्रुप सणासमारंभासाठी आहे. फोन चालू होता म्हणजे.

संध्याकाळी मंडळातल्याच ईप्सिताचा फोन आला. ती रडत होती.

"निशी, तो तीन माझा आहे गं. माझ्या लेकीच्या, अन्वीच्या नेलपॉलिशने मीच आकडे लिहिले होते, कुठलं चाक कुठे ते कळावं म्हणून. गेल्या वर्षी काकांनी हे रिम मला दिले होते. माझीही गाडी नापास झाली. मी परत नेऊन दिले, तर म्हणाले, मी बघतो."

"तू त्या दिवशी गॅरेजमध्ये होतीस, ईप्सिता."

"होते."

"हसलीसही."

मग म्हणाली, "आमचं घर काकांच्या ओळखीने मिळालंय."

मेकॅनिकने या चाकांवर गाडी रस्त्यावर काढू दिली नाही, आणि बरोबरच केलं त्याने. अपघात झाला असता तर विम्यानेही हात वर केले असते. माझी जुनी चाकं तुम्ही टाकून आला होतात. भंगारवाल्याने काळे रिम कधीच विकले होते, दुसरे यायला नऊ दिवस लागणार होते. ते नऊ दिवस मी वेदांगच्या सायकलवर गेले. अंधारात, चढावर, चौदा किलोमीटर. दोनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा पोचले तेव्हा सव्वासहा वाजले होते. ज्या आजींना मी रोज उठवायचे, त्यांना दुसरीच कुणीतरी उठवत होती. आमच्या प्रमुख बाई वाईट नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसांना वाट बघायला लावता येत नाही." एकतीस तारखेला माझं काम संपलं.

तुम्ही घरी आलात. पैशांचं पाकीट पुढे केलंत. "आपापसात मिटवू. आणि तू एवढी शिकलेली, तूच आधी नीट बघायचं ना?"

वेदांग माझ्याकडे बघून कुजबुजला, "जाऊ दे, काकांना उलट बोलू नकोस." त्या क्षणी मला तोही तुमच्या गॅरेजमधल्या हसणाऱ्यांत उभा असलेला दिसला.

मी बघितलं होतं, काका! फ्रिजवर अजून आहे तो कागद. मी बरोबर चाकं निवडली होती. तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत, आणि त्यासाठी तुम्हाला नुसतं हसावं लागलं.

पाकीट मी परत दिलं. मला एकच उत्तर हवंय, आणि बंद दाराआड नकोय. येत्या रविवारी मंडळाची सभा आहे, मी पहिल्या रांगेत बसणार आहे. त्या दिवशी तुम्ही पोट धरून हसत होता, तेव्हा तो स्प्रे मारून किती दिवस झाले होते? सगळ्यांसमोर हसलात ना? मग सगळ्यांसमोर सांगा. किती दिवस?