चार वाजताची शेंडी

दोन वर्षं मी बाबांना रोज चार वाजता भेटत होते. भेटत होते म्हणजे, वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात बसून पडद्यावर त्यांच्या घराच्या विजेची रेघ बघत होते. छपराछपरांवर सौर पॅनेल आल्यापासून वीज दोन्ही बाजूंनी वाहते, म्हणून त्यांच्या गल्लीत नवे मीटर बसले. तारेतून कुठल्या घरात किती वीज गेली, ते आम्हाला मिनिटामिनिटाला दिसतं. चारच्या ठोक्याला बाबांच्या रेघेला शेंडी फुटायची. विजेची किटली. चहा झाला, बाबा ठीक आहेत, मी कामाला मोकळी.

हे मी त्यांना एकदा मोठ्या कौतुकाने सांगितलंही होतं. "अरे वा," ते म्हणाले, "म्हणजे आता फोनचा त्रास नको तुला." मी ते खरं धरून चालले. आई गेल्यापासून तसंही आम्हाला 'जेवलात का'च्या पुढे काही सुचत नसे. त्यांचं घर माझ्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि तो वळसाही खुर्चीत बसून!

परवा सकाळी त्या गल्लीत घरोघरी बसवलेल्या बॅटऱ्या चालू झाल्या. दिवसा उन्हावर भरायच्या आणि तीननंतर घराने आधी त्यांतली वीज वापरायची, म्हणजे संध्याकाळी तारांवर ताण येत नाही. आदेश मीच पाठवला. साहेबांनी शाबासकी दिली.

चार वाजले. शेंडी नाही. चार पाच, चार दहा, रेघ सपाट. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. पर्स तिथेच टाकून मी पळत सुटले. एरवी देवाला न मानणारी मी, टॅक्सीत सगळ्या देवांना कामाला लावलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा ओट्यापाशी पाठमोरे उभे होते आणि किटलीतलं उकळतं पाणी बेसिनमध्ये ओतत होते.

"तू कशी काय?" ते दचकले. "अगं, चारला किटली लावून आंघोळीला गेलो, तुझा फोन राहिला. म्हटलं, हिला दिसलं नसेल, म्हणून पुन्हा लावली किटली. ही तिसरी खेप."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बॅटरी! किटली आज तारेवर नव्हतीच.

"पण ओतून का देताय?"

"पाणीच आहे नुसतं. डॉक्टरांनी चहा बंद करून सव्वा वर्ष झालं."

"मग किटली कशाला?"

"तू चारला बघतेस ना."

मला भयंकर राग आला, माझाच. तरी ओरडले त्यांच्यावर. "सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं असतं तर बघायचं सोडलं असतंस," किटली पुसत ते म्हणाले.

मी खुर्चीवर बसले आणि त्यांना बॅटरीचं समजावलं. आता संध्याकाळी घरात काय चालू आहे ते तिकडे कळणार नाही. त्यांनी मान डोलावली. बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिले.

"इस्त्री जास्त वीज खाते," ते म्हणाले. "ती दिसेल?"

"नाही, बाबा."

"आणि इस्त्री नि किटली, दोन्ही एकदम लावली तर?"