काजळगडचा नववा भाग

मी 'काजळगड' या कादंबरीमालेचा नववा भाग बोलतोय. लोणावळ्याच्या वाचनालयात माझी थोरली भावंडं कपाटात ओळीनं उभी आहेत. त्यांची पानं हाताळून हाताळून मऊ झाली आहेत. माझी अजून कोरीच वाटतात. मला नेणारे फार झाले नाहीत, आणि नेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी नाक मुरडूनच परत आणून दिलं.

माझ्या आधीच्या आठ भागांनी लोकांना वेड लावलं होतं. बोलणारे दरवाजे, माणसं गिळणारे आरसे, आणि त्यांतून तलवार घेऊन धावणारी राजकन्या मेघावती. आठव्या भागाच्या शेवटी ती काजळगडात शिरते आणि मागे दार बंद होतं. पुढे काय, म्हणून वाचक वर्षानुवर्षं खोळंबले होते. एकोणीसशे चौतीस साली मी पुण्याहून आलो, तेव्हा मला आधी कोण नेणार यावरून वाचनालयात चांगलीच हुज्जत झाली.

माझ्यात घडतं ते असं. गडातल्या धुरानं मेघावतीची दृष्टी जाते. ती परत आणणारा मणी शोधायला सगळे निघतात. तो सापडतो, पण फुटलेला. मेघावती बराच वेळ बसून राहते. मग उठते आणि भिंतीवर हात ठेवून चालू लागते. काजळगडाची सगळी माया डोळ्यांना फसवणारी, त्यामुळे कुणाला न सापडलेली वाट तिच्या बोटांना सापडते.

लोकांना हे मुळीच रुचलं नाही. शाळेतले महिपती मास्तर म्हणाले, "लेखक थकला. आठव्यालाच थांबायला हवं होतं." एका वकिलांना तलवारबाजी कमी वाटली. बंगल्यातल्या एका बाईंनी गड्याच्या हाती मला परत धाडलं, रडकं पुस्तक नको म्हणून. कुणीतरी माझ्या समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'मेघावतीचे डोळे परत द्या.' पाचव्या भागाची सर नाही, हे तर जवळजवळ प्रत्येकानं म्हटलं.

मग मला हौशीरामनं नेलं. तो मळवलीचा, रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला. पाळी संपली की बाजारात निजाम मणियाराच्या बांगड्यांच्या दुकानात येऊन बसायचा. निजामची थोरली बहीण अमिना मराठी चौथी शिकलेली. पहिले आठ भाग तिनंच त्या दुकानात मोठ्यानं वाचले होते. राक्षसाचा आवाज काढायची, तेव्हा बांगड्या भरायला आलेल्या बायका हात तसाच पुढे धरून ऐकत राहायच्या.

आठव्या आणि नवव्या भागाच्या मधल्या काळात अमिनाचे डोळे गेले. आता वाचायची पाळी हौशीरामवर आली.

त्यानं आधी मला एकट्यानं वाचलं. मग दुकानाच्या ओट्यावर निजामला बाहेर बोलावून घेतलं. "भाऊ, ह्यात मेघावती आंदळी व्हतीया. शेवटपत्तुर तिला दिसत न्हाई. कसं वाचू अमिनाबीपुडं?"

निजामनं आत बहिणीकडे पाहिलं. ती बांगड्या चाचपून आकाराप्रमाणे लावत बसली होती. "तेवढं गाळ," तो म्हणाला. "तिला तिचंच दुःख पुरे आहे."

हौशीरामनं गाळलं. धूर गाळला, मणी गाळला, अंधारातलं चालणं गाळलं. उरलं काय, तर मेघावती गडात हिंडते आणि एके दिवशी बाहेर येते. तो वाचताना अडखळायचा, मध्येच चार-चार पानं उलटायचा. त्याच्या बोटांचा घाम मला जाणवायचा. वाचणाऱ्यानं गाळलेलं ऐकणाऱ्याला स्वतःहून सांगणं पुस्तकाला जमत नाही.

अमिनानं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "झालं?"

"व्हय."

"तिला काहीच झालं नाही? एवढ्या मोठ्या गडात शिरली आणि काहीच नाही?"

"न्हाई."

"मग लेखकानं हा भाग उगाच लिहिला," ती म्हणाली. "लोक म्हणतात ते खरंच आहे."

माझ्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ वाईट म्हटलं, ते मी सोसलं. त्यांनी मला वाचलं तरी होतं.

दहावा भाग आला, तेव्हा अमिना नको म्हणाली. पुढे ती दुकानात बसेनाशी झाली, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. हौशीरामला राहवेना. "सांगून टाकू का खरं?" त्यानं निजामला विचारलं.

"आता सांगितलं तर तिला कळेल, आपण तिची कीव केली," निजाम म्हणाला. "थोडे दिवस जाऊ देत."

ते दिवस गेले, आणि त्या पावसाळ्यात हिवतापानं अमिनाही गेली.

काही महिन्यांनी हौशीरामनं मला पुन्हा नेलं. दुकानात बसून त्यानं शेवटचं प्रकरण निजामला वाचून दाखवलं, एक शब्दही न सोडता. मेघावती उठते, भिंतीला हात लावते, तिथवर तो पोचला तेवढ्यात गिऱ्हाईक आलं; निजामनं त्याला नंतर ये म्हणून परत पाठवलं.

वाचून झाल्यावर निजाम म्हणाला, "तिनं हे ऐकलं असतं तर काय म्हणाली असती रे?"

"म्हाईत न्हाई, भाऊ," हौशीराम म्हणाला. "आपुन तिला ईचारलंच न्हाई."

मलाही माहीत नाही. कदाचित तिलाही मी आवडलो नसतो. मेघावतीला डोळे परत मिळायला हवे होते, असं तीही म्हणाली असती आणि लेखकावर रागावली असती. तो राग मला हवा होता.

आता माझी शिवण उसवते आहे. नवीन वाचक येतात, जुन्यांकडून माझ्याबद्दल ऐकतात आणि आठव्यावरून थेट दहाव्यावर जातात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरी कुणी डोळ्यांनी अधू माणूस असेल, तर एकदा मला घरी न्या. त्याच्याजवळ बसून मला मोठ्यानं वाचा, धुरासकट आणि फुटक्या मण्यासकट. मग तो मला काय म्हणायचं ते म्हणू दे.