डाव्या लेनचा उजवा बाण

"ह्यो बाण उलटा हाय," सोपानराव म्हणाले, आणि नकाशा स्कूटरच्या सीटवर पसरून त्यांनी चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले.

रविवारची सकाळ होती. वजनकाटा चौकातला नवा डांबरी रस्ता दोन्हीकडून बंद केलेला होता आणि भट्टीतला पांढरा रंग खदखदायला लागला होता. कोंडाजी तो लांब दांड्याच्या पळीने ढवळत होता. वीस वर्षं तो सोपानरावांच्या भट्टीवर होता, त्यामुळे मान वर न करताच त्याने विचारलं, "आता काय झालं?"

"डावी लेन बघ. तिच्यात बाण उजवीकडं. मधली सरळ, उजवी बी सरळ. म्हंजे ज्याला उजवीकडं जायचंय त्यानं डाव्या कडंला जाऊन थांबायचं. ताटाकडं पाठ करून जेवायला बसल्यावानी झालं की हे!"

"मग मॅडमला फोन लाव. तिनं सांगितलंय ना."

मॅडम म्हणजे इरा. चिंचवडच्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करणारी सत्तावीस वर्षांची इंजिनिअर. आदल्या संध्याकाळी ती स्वतः चौकात येऊन हा नकाशा देऊन गेली होती. "काका, जुना नकाशा विसरा, हा फायनल. मी दोन दिवस नागपूरला लग्नाला चाललेय, पण शंका आली तर फोन करा, कधीही," असं म्हणत तिने कोपऱ्यात सही केली होती, तारीख घातली होती आणि खाली आपला नंबरही लिहिला होता.

सोपानरावांनी त्या नंबराकडे बघितलं आणि खिशातला फोन खिशातच राहू दिला.

आता यात गर्व होता असं कोणी म्हणेल, तर होताच. पण तो फुकटचा नव्हता. कळंबहून आलेला हा माणूस सव्वीस वर्षं रस्त्यावर पट्टे आणि बाण काढत होता. पिंपरीपासून चाकणपर्यंत असा चौक नव्हता जिथे त्यांचा गुडघा टेकला नव्हता. रस्त्यावरचा बाण माणसाच्या अडीच-तीनपट लांब का काढायचा, तर ड्रायव्हरच्या सीटवरून तो आखूड दिसतो म्हणून, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. एका नकाशात झेब्रा क्रॉसिंग थेट नाल्याच्या भिंतीत घुसत होतं. सोपानरावांनी ते गुपचूप दहा पावलं अलीकडे घेतलं. दुसऱ्या एकात दुभाजक बंद होता आणि त्याच्यासमोर यू-टर्नचा बाण होता. तो त्यांनी काढलाच नाही. दोन्ही वेळा साहेब लोक आले, बघून गेले, "छान काम" म्हणाले. आपण काय बघितलं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून सोपानरावांचं एक वाक्य ठरून गेलं होतं, आणि ते त्यांनी आताही ऐकवलं.

"रस्ता कागदावर नसतोय कोंडाजी, चाकाखाली असतोय. कालची पोरगी ती. तिला फोन करून तिचीच चूक सांगायची, ती बिचारी लग्नात. कशाला? आपुन जुन्या नकाशापरमानं मारू."

"बघ बाबा. शहाणा तू."

खडूची दोरी ताणली गेली, रेघ उमटली, साचा बसला. डाव्या लेनमध्ये सरळ आणि डावा, मधल्या लेनमध्ये सरळ, उजव्या लेनमध्ये उजवा. जगभर असतो तसा. रात्री दिव्यात चमकावेत म्हणून ओल्या रंगावर त्यांनी काचेचे मणी भुरभुरले आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले. बाण सुंदर आले होते, हे कबूल करायलाच हवं.

सोमवारी रस्ता खुला झाला. सिग्नलचे खांब उभे होते, पण दिव्यांवर अजून गोणपाट बांधलेलं होतं. मंगळवारी दुपारी साडेतीनला, शिफ्ट सुटायच्या वेळी, सोपानराव राहिलेली स्टॉप लाइन मारायला चौकात आले आणि सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं.

चौकाच्या अलीकडे डाव्या हाताला वजनकाटा आहे, त्यावरूनच चौकाला नाव पडलं. काट्यावर वजन करून एक लांब ट्रेलर रस्त्यावर आला. त्याला उजवीकडे जायचं होतं. ड्रायव्हरने समोर बाण बघितले आणि शहाण्या माणसासारखा, बाणाचं ऐकून, तो डावीकडून तिसऱ्या लेनकडे तिरपा निघाला. तोंड उजव्या लेनमध्ये पोचलं तरी शेपूट अजून मधल्या लेनमध्येच होतं. त्याच्या उजव्या अंगाने, मधल्या लेनमधून, एक बाई स्कूटरवर सरळ चालली होती. ट्रेलरने वळण घेतलं, मागची चाकं आत ओढली गेली, आणि स्कूटर दुभाजकाला दाबली गेली.

बाई वाचली. उजवा पाय मोडला.

लोक धावले, सोपानरावही धावले. स्कूटर उचलता उचलता त्यांची नजर वजनकाट्याच्या फाटकावर गेली. तिथे आणखी चार ट्रेलर उभे होते, सगळे डावीकडे, सगळ्यांचे इंडिकेटर उजवे. डावीकडून निघा, सिग्नलने बाकी सगळ्यांना थांबवा, आणि लांब मोठा घेर घेऊन उजवीकडे वळा. नकाशातला तो उलटा बाण त्या क्षणी त्यांना सुलटा दिसला.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार रविराजशेठचा फोन आला. "सोपानराव, तुमच्याकडे कुठला नकाशा होता?"

"दोन्ही होते शेठ. नवा मॅडमनी हातात दिला. मी जुना मारला. चूक झाली."

शेठ हळू बोलले, "नवा कोणाला दिला याची मॅडमकडे पोच नाहीये. आपण सांगितलंय, आम्हाला जुनाच मिळाला. उद्या दुपारी महापालिकेचे साहेब चौकात येतायत. तुम्ही फक्त मान हलवा आणि तो कागद फाडून टाका. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आन् मॅडमचं?"

"तरुण आहे, दुसरी नोकरी मिळेल. तुम्हाला या वयात कोण घेणार?"

ते खोटं नव्हतं. सोपानराव अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि त्यांना दुसरं काहीही येत नव्हतं.

पिंपळे गुरवच्या घरी त्या रात्री त्यांनी ताट तसंच सरकवलं. मंजुळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याला समजावण्यात त्यांनी आयुष्यात कधी वेळ घालवला नव्हता.

"आवं, कागदाचं बघू नंतर. त्या बाईला बघून आलाव का?"

"न्हाई."

"मग आधी जाऊन या."

गुरुवारी सकाळी ते पिंपरीच्या दवाखान्यात गेले. बाईचं नाव विजयश्री. एका कंपनीत सुटे भाग तपासायच्या टेबलावर ती काम करायची. पाय प्लास्टरमध्ये लटकवलेला होता आणि उशाशी तिच्या आईने आणलेला डबा होता. सोपानरावांनी केळी स्टुलावर ठेवली आणि "मी तिथं व्हतो, स्कूटर मी उचलली," एवढंच सांगितलं.

"बरं झालं काका, तुम्ही भेटलात," ती म्हणाली. "तुम्ही बघितलं असेल ना? मी मधल्याच लेनमध्ये होते ना? बाण सरळच होता ना? नाही, भाऊ म्हणतो मीच नीट बघितलं नसणार. मलाही आता तसंच वाटायला लागलंय. कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते, आणि स्वतः एवढा मोठा बाण बघू नये?"

सोपानराव पलंगाजवळ सरकले.

"पोरी, तू बरोबर व्हतीस. बाण चुकीचा व्हता. माझ्या हातानं काढला मी त्यो."

तिने कोपरावर भार देऊन अंग वर उचललं. मग म्हणाली, "मग तेवढं माझ्या भावाला सांगाल?"

"सगळ्यांना सांगतो."

दुपारी चौकात साहेब, रविराजशेठ, दोन वाहतूक पोलीस आणि इरा असे सगळे उभे होते. लग्नातली मेंदी अजून इराच्या हातावर होती आणि डोळे सुजलेले होते. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. "सर, मी स्वतः येऊन दिला होता."

"कोणाला दिला? पोच दाखवा," साहेब म्हणाले.

इराने सोपानरावांकडे एकदा बघितलं आणि नजर खाली वळवली. तिने त्यांचं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही हे सोपानरावांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते त्यांना फार लागलं.

ते स्कूटरकडे गेले, डिकी उघडली आणि घडी केलेला कागद साहेबांच्या हातात ठेवला. "ही घ्या पोच. ही मॅडमची सही, ही शनिवारची तारीख. मला वाटलं त्यांचं चुकलं, म्हणून मी माझ्या मनानं बाण बदलले. फोन करा म्हणल्या व्हत्या, केला न्हाई. शेठलाबी तवा ठावं नव्हतं."

रविराजशेठने कपाळाला हात लावला. साहेबांनी कागद बघितला, चौक बघितला, आणि वजनकाट्याच्या फाटकात अडकलेले ट्रेलर बघितले.

निकाल लागायला वेळ लागला नाही. या ठेक्यावर सोपानरावांचं काम बंद. पोलिसांत जबाब द्यायचा. तो त्यांनी त्याच संध्याकाळी दिला आणि तिथून परत दवाखान्यात जाऊन विजयश्रीच्या भावाची गाठ घेतली. साहेबांकडे फक्त एक गोष्ट मागितली होती, ती त्यांना मिळाली: जुने बाण पुसून नवे आपल्याच हाताने मारायचे.

रविवारी रस्ता पुन्हा बंद झाला. घासायच्या मशिनने जुने बाण खरवडायला अर्धा दिवस गेला. तो रंग निघता निघत नव्हता; चांगला मारला होता ना. शेवटी डाव्या लेनमध्ये एक फिकट बाणाच्या आकाराचा चट्टा राहिलाच. त्यावर नवा साचा ठेवून सोपानरावांनी लांबी तीनदा मोजली. कोंडाजीने भट्टी जवळ ओढली.

"वतू?"

"थांब."

सोपानरावांनी खिशातून फोन काढला. त्याच नकाशाच्या झेरॉक्सवरचा, कोपऱ्यातला नंबर एक एक आकडा बघत दाबला. तीस पावलांवर, गोणपाट काढलेल्या सिग्नलच्या खांबाखाली उभ्या असलेल्या इराच्या पर्समध्ये रिंग वाजली. तिने फोन कानाला लावला.

"मॅडम, सोपान बोलतोय. डावी लेन, बाण उजवीकडं. मारू का?"

"काका, मी समोरच उभी आहे."

"दिसायलंय की. पण तुमी फोन करा म्हणला व्हतात."

इराने डाव्या लेनकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "मारा, काका."

सोपानरावांनी फोन खिशात ठेवला, गुडघा टेकला आणि कोंडाजीला हात केला.