हात न लागलेली चढण

"माउली, माजां चेडू उठान बसांदे. ह्याच सायकलीर बसान, कोणाचो हात लागूक न देता, तुजो घाट चडान येयन. तुजी ओटी भरीन."

हा नवस बोलला गेला तेव्हा बोलणारीची मूठ माझ्या हँडलवर आवळलेली होती. दुपारचे तीन वाजले होते. तिच्या लेकीला, अपेक्षाला, तापात शुद्ध हरपली म्हणून रुग्णवाहिकेतून गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात हलवलं होतं. बाप सोबत गेला होता. आई मागच्या गाडीची वाट बघत पडवीत उभी होती.

मी ती सायकल. नवस बोलणाऱ्या मथुराकाकीला त्या दिवशी सायकल चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. बांद्याच्या बाजारात एका दुकानात मला चाकं लागली, तिथपासूनचं आठवतं. रंग लाल, पुढे जाळीची टोपली, गिअर एकही नाही. अपेक्षा आठवीत गेली तेव्हा मी या घरात आले. बांद्याहून दाणोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. दोन्ही बाजूंना काजूच्या बागा, आणि रस्ता असा की एक उतार संपतो न संपतो तोच पुढचा चढ सुरू होतो.

दर रविवारी सकाळी याच रस्त्याने सायकलवाले जायचे. कुडाळचे, गोव्याचे. दाणोलीवरून आंबोलीचा घाट चढायचा आणि दुपारी परतायचं. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, कागदासारख्या हलक्या सायकली. अपेक्षा कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसून त्यांच्याकडे टक लावून बघायची आणि आईला म्हणायची, "आये, एक दिवस मी पण ह्याच सायकलीन घाट चडान जातलंय. कोणाचो हात लागूक न देता!"

त्या दुपारी आईच्या तोंडून लेकीचेच शब्द निघाले. घाबरलेल्या माणसाला दुसरे शब्द कुठून सुचणार?

अपेक्षा अकराव्या दिवशी उठून बसली. घरी आली, पुढे शिकायला सावंतवाडीला राहायला गेली. घरात स्कूटर आली आणि माझी रवानगी मांगरात, म्हणजे मागच्या खोपटात झाली, जळाऊ लाकडांशेजारी. माझ्या टोपलीत कोंबडी अंडी घालायची. मथुराकाकी दर मंगळवारी उपास धरायची आणि लाकडं काढायला येई तेव्हा माझ्या सीटवर हात ठेवून डोळे मिटायची. देवीकडे मुदत मागायची. नवसाचं तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? सत्तेचाळीस वर्षांची बाई, आयुष्यात पेडलला पाय लावलेला नाही, आणि बोलून बसली आंबोलीचा घाट!

तीन वर्षं अशी गेली. मग एक दिवस भंगारवाला आला. तिच्या नवऱ्याने, सत्यवानदादाने, मला बाहेर काढलं. मी टेंपोत चढणार, तेवढ्यात मथुराकाकी घावण्याचं पीठ लागलेल्या हातांनी धावत आली.

"तिका हात लाव नको! ती देवीची आसा!"

सत्यवानदादा हसला. "देवी कदीपासून सायकल चलवक लागली गो?"

तेव्हा तिने सगळं सांगितलं. ऐकून तो खाली बसला. फेडायचा राहिलेला नवस घरात चालत नाही, हे तोही मानणारा. पण वाट काढणं हा त्याचा स्वभाव. "टेंपोत घालूया, घाटात न्हेवया. माउलीच्या देवळीकडे दोन फेरे मार, ओटी भर. झाला!"

मथुराकाकी तयार होईना. तेव्हा गावचा गुरव बाबली मध्ये पडला. "वयनी, आपण सांगान काय उपेग? देवीक इचारूया."

घाटात वर, लहानशा देवळीत बसलेली माउली ही आमच्या गावच्या सातेरीची धाकटी बहीण. म्हणून थोरलीच्या देवळात कौल लावला. पाषाणाच्या दोन्ही अंगांना बाबलीने ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं: तुझ्या या लेकराने भीतीपोटी शब्द दिला, अंगात बळ नाही, टेंपोतून नेलेली सायकल गोड मानून घेणार असशील तर उजवा दे. मला देवळाबाहेर टेकवून ठेवलं होतं. दारातून मला सगळं दिसत होतं.

उजवी पाकळी पडली. लगेच पडली.

"सुटलंस वयनी!" बाबली आनंदाने ओरडला. सत्यवानदादाने तिथल्या तिथे टेंपोवाल्याला फोन लावला.

मथुराकाकीने देवीला साष्टांग नमस्कार घातला, उठली आणि म्हणाली, "ठेवा तो फोन. देवीन माका सोडल्यान, पण मी माका सोडूचंय नाय."

बाबलीचं तोंड उतरलं. "वयनी, उजवो कौल मोडतंस? देवीपेक्षा मोठी झालंस काय गो?"

"मोठी न्हय, भावजी. देवी आवस आसा. आवस सोडताच." 'आवस', म्हणजे आई, म्हणताना तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "पण आवस सोडता म्हणान चेडवान सुटाचा नसता."

ती मला हाताला धरून चालवत घरी घेऊन आली. त्या संध्याकाळी माझी चाकं फुगली. तेव्हा माझ्या मनात काय होतं सांगू? हसा तुम्ही. गिअर नाही म्हणा, गंजली म्हणा. बघूच.

शिकवायला अपेक्षा दर रविवारी सावंतवाडीहून यायची. ती पुढे उभी राहून ओरडायची, "आये, खाली बगू नको, फुडे बग!"

"फुडे बगल्यार तूच दिसतंस! तुका धडकतलंय!"

आणि धडकायचीही. आम्ही दोघी शेतात पडलो, गडग्यावर आदळलो, एकदा तर शेणकईच्या खड्ड्यात गेलो. लेकीची पँट आणि वर कुर्ता घातलेल्या मथुराकाकीला बघून शेजारची शर्मिला रस्त्यावरून विचारायची, "मथुरा, सर्कशीत नाव घातलंस काय गो?"

"घातलंय. तुजा पण घालू?"

तीन महिन्यांनी आम्ही पडायच्या थांबलो. सहा महिन्यांनी दाणोलीपर्यंत जाऊन परत येऊ लागलो. वाटेत रविवारचे सायकलवाले भेटायचे. त्यांच्यातला कुडाळचा विनीत आमच्यासाठी वेग कमी करून दोन शब्द बोलायचा. त्यानेच हेल्मेट आणून दिलं. "घाला काकी. देवी काही म्हणणार नाही."

दुसऱ्या वर्षी, पौषातल्या एका सकाळी, माझ्या टोपलीत नारळ, खण आणि पाच फळं ठेवून मथुराकाकी निघाली. मागे स्कूटरवर सत्यवानदादा, त्याच्यामागे अपेक्षा. दाणोलीला विनीत येऊन मिळाला.

घाट कसा असतो ते गाडीतून कळत नाही. गाडीला घाट म्हणजे वळणं. मला आणि तिला तो एकेक हात मोजत चढायचा होता. तिचा श्वास माझ्या हँडलपर्यंत यायचा. दम संपला की ती सपाटशा वळणावर थांबायची, उतरायची, पाणी प्यायची आणि पुन्हा बसून निघायची. मला हाताने ढकलत मात्र एक पाऊलही चालली नाही. 'बसान' म्हटलं होतं ना! ट्रकवाले भोंगे वाजवत होते. पर्यटकांच्या एका गाडीतून कोणीतरी ओरडलं, "आजी, लिफ्ट पाहिजे का?" तिने मान हलवली. मी मात्र घंटी वाजवली असती, वाजवता आली असती तर.

शेवटचं वळण आलं. देवळीचा झेंडा दिसू लागला. शंभरेक पावलं उरली असतील. पेडल जेमतेम फिरत होतं, मी डावी-उजवीकडे झुकत होते. आता पडणार, असं वाटून विनीतने मागून येऊन तिच्या पाठीला तळहात लावला.

दहाएक पावलं मी अलगद वर गेले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

तिने दोन्ही ब्रेक दाबले.

"बरा मनान केलंस रे बाबा," ती धापा टाकत म्हणाली. "पण ह्यो चढ माजो."

"सॉरी काकी. मला वाटलं, पडाल."

"पडतलंय तर पडतलंय."

तिने मला वळवलं. सत्यवानदादा स्कूटरवरून ओरडला, "अगो, धा पावलां ती! देवळी थंय दिसता! परत खंय चललंस?"

मथुराकाकी उतरू लागलीच होती. ही शेवटची चढण इतकी खडी, की तिथे मधूनच बसून निघता येत नाही, म्हणून ती त्याच्याही खालच्या सपाट वळणापर्यंत गेली. घामाने मिळवलेला पाऊण किलोमीटर तिने दोन मिनिटांत सोडून दिला. तिथे ती दोन घोट पाणी प्यायली, तिने मला रस्त्याच्या कडेला नीट उभं केलं आणि पुन्हा बसली.

या वेळी विनीत वीस हात मागे राहिला. सत्यवानदादाने स्कूटर लेकीच्या हाती दिली आणि तो आमच्या बाजूने चालू लागला. आपला हात चुकूनही जाऊ नये म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले होते. ती कलली की त्याचे खांदे उचलले जात, पण हात सुटले नाहीत. "फुडे बग गो," तो पुटपुटत होता. "फुडे बग."

देवळीच्या पायरीला माझं पुढचं चाक टेकलं तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती.

तिथे गुरव नव्हता. मथुराकाकीने ओटी भरली आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं. "आवशी माउली म्हाराजा, माज्या चेडवाक उठवलंस, आज तुजा तुका पावता केलंय, ता गोड मानून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" पहिला आवाज अपेक्षाचा आला. मग उरलेल्या दोघांचा.

आता मी पडवीत असते. सीट फाटली आहे, पेडल बदललं आहे. कोंबडीला दुसरी जागा शोधावी लागली. गुरुवारी सकाळी मथुराकाकी मला घेऊन दाणोलीला जाते. सोबत शर्मिला असते, भाड्याच्या सायकलीवर, शिव्या देत. बाबली अजून म्हणतो की उजवा कौल मोडायचा नसतो. म्हणू दे.

वाचणाऱ्या बायांनो, बाप्यांनो, तुम्हालाही माझं एवढंच गाऱ्हाणं. एक नवस बोला. नारळ-पेढ्यांचा नको, ते कोणीही नेऊन देतं. असा बोला, की तो फेडायला तुमच्या जागी घरातलं दुसरं कोणी चालणार नाही.