अरविंदसाठी घरप्रार्थना

बेल पुन्हा वाजली तशी नंदिनीने उकळत्या चहात आणखी पेलाभर पाणी ओतलं आणि गॅस मोठा केला. दोघं-तिघं येतील असा निरोप होता, आणि दारात तर चपलांवर चपला चढल्या होत्या. दर गुरुवारी हेच. मार्चमध्ये अरविंदचा थोरला भाऊ आजारपणात गेला, एप्रिलपासून अरविंदने रविवारच्या उपासनेला येणं सोडलं, आणि तेव्हापासून वाशीतल्या या दोन खोल्यांत चर्चची अख्खी मंडळी त्याला परत आणायला लोटत होती.

आणायला तिची ना नव्हतीच. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये उपासनेला ती एकटी बसायची, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून. घरी यावं तर नवरा पेपरात तोंड खुपसून. देवाबद्दल नाही, भावाबद्दल नाही, तो कशाबद्दलच बोलत नव्हता. चर्च सुटलं ते सुटलं, असाच हा एक दिवस आपल्यालाही सोडेल, या भीतीने तिला झोप लागत नव्हती. आणि या लोकांना पडलं होतं डायनोसॉरचं.

"अरविंदभाऊ, ही कॅसेट ऐकाच," बाहेर जयप्रकाश सांगत होता. सानपाड्याचा हा तरुण पोरगा. कॅसेटशिवाय कधी यायचा नाही. "विज्ञानाचे सगळे डाऊट क्लिअर होतात. उत्क्रांती, डायनोसॉर, सगळं."

"डायनोसॉरबद्दल माझं काहीच म्हणणं नाही," अरविंद म्हणाला.

"तेच तर! सैतान असाच गाफील ठेवतो."

मंडळीतले सर्वांत जुने आप्पा खाकरले. "अरे, तुझ्या आजोबांनी गावकीचा बहिष्कार सोसला, पण विश्वास सोडला नाही. आणि तुला रविवारी सकाळी उठवत नाही?"

जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं चाललं होतं गेले कित्येक गुरुवार.

तेवढ्यात महिला मंडळाच्या शकुबाई स्वयंपाकघरात आल्या. पदराने वारा घेत त्यांनी आवाज खाली आणला.

"नंदा, खरं सांग. भाईर काई भानगड तर नाय ना त्याची?"

नंदिनीने खलबत्त्यातलं आलं असं ठेचलं की त्याचा लगदा झाला.

"नाही हो, मावशी."

"नाय, आपलं इचारून ठिवलेलं बरं."

चहा झाला. मग सगळे गोल बसले, साखळी प्रार्थनेला. डोळे मिटायचे, एकाचं संपलं की शेजारच्याने सुरू करायचं, आमेन मात्र अगदी शेवटी, सगळ्यांनी मिळून.

"हे प्रेमळ बापा," आप्पांनी सुरुवात केली, "तुझं हे लेकरू रोज पेपर वाचतं, पण तुझं वचन वाचत नाही. तू त्याच्याशी बोल."

"प्रभू, त्याला ती कॅसेट ऐकायची बुद्धी दे," जयप्रकाश म्हणाला. "दोन्ही बाजू."

लेकी बोले सुने लागे, तसला प्रकार. तोंड देवाकडे, नेम अरविंदवर. आणि प्रार्थना चालू असताना मधे बोलायची कोणाची छाती आहे? ती सोय मोठी नामी होती. अरविंद मान खाली घालून ऐकत होता. त्याची पाळी आली, आणि त्याने नंदिनीच्या हाताला हलकेच स्पर्श केला. म्हणजे, तू कर.

तिच्याकडे नेहमीची प्रार्थना तयार होती. जिभेवर आलेलीही होती.

"बापा," ती म्हणाली, "या लोकांना तू चांगला ओळखतोस. फार चांगली माणसं आहेत. दर गुरुवारी येतात. माझ्या नवऱ्याला सैतानाचं सांगतात, आजोबांचं सांगतात. पण बापा, त्याला काय झालंय हे यांच्यातल्या एकानेही त्याला विचारलेलं नाही. बाहेर बाई आहे का, ते मला विचारतात! मी कंटाळले आहे, प्रभू. आलं ठेचून ठेचून कंटाळले आहे." पुढचं तिने योजलं नव्हतं. "आणि मीही नाही विचारलं. मला भीती वाटली. तो सांगेल, आणि ते ऐकून माझाही विश्वास जाईल, म्हणून."

ती थांबली. पुढची पाळी शकुबाईंची. त्या काही सुरू करीनात.

"अरविंदा," शेवटी शकुबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "काय झालं व्हतं रं, बाळा?"

अरविंदनेही डोळे उघडले नाहीत.

"दादासाठी आपण उपास-प्रार्थना ठेवली होती," अरविंद म्हणाला. "दिवसभराची. त्या दुपारी इस्पितळात, जायच्या आधी, दादाने दोनदा मला हाक मारली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मला मागाहून सांगितलं. 'अरविंद आला का,' म्हणून विचारत होता. मी नव्हतो." "मी तुमच्यात होतो. असाच, डोळे मिटून. तो बरा व्हावा म्हणून मागत होतो."

सहा महिने हा माणूस नंदिनीच्या शेजारी हे उराशी घेऊन झोपत होता. तिने चाचपडत त्याचा हात धरला.

समोर आप्पांनी घसा साफ केला. कुठलीही प्रार्थना लांबली की आमेन त्यांनी सुरू करायचं, अशी वर्षानुवर्षांची रीत होती.

"थांबा, आप्पा," शकुबाई हळूच म्हणाल्या. "त्याचं अजून चालू हाय."